उजवीकडून उघडायची पत्रिका

ज्या दिवशी वाचकानं लेखकाच्या हातातून लेखणी काढून घेतली, त्या दिवशी साहित्यात खरी लोकशाही अवतरली. ही लोकशाही जपानमध्ये जन्मली, तिथंच वाढली, आणि एका मंगळवारी दुपारी माळेगाव बुद्रुकला पोचली. टेम्पोवाल्यानं ती आबासाहेबांच्या गोठ्यात सरकी पेंडीच्या पोत्यावर उतरवली, ‘गठ्ठा ठेवलाय हो’ असं म्हशीला सांगितलं आणि तो निघून गेला.

गठ्ठा वृषालीचा होता. वृषाली ही आबासाहेबांची नात. दिवसा ती बारामतीत एका क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायची आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची. तिला एका जपानी चित्रकथेचं वेड होतं. तिच्यात रेन्गो नावाचा भटका तलवारबाज होता आणि कोल्ह्याचे कान असलेली कोयुमे नावाची मुलगी होती. लेखकानं अकराव्या खंडात त्या दोघांची ताटातूट केली आणि पुढं गाठ म्हणून घालून दिली नाही.

अशा वेळी आपल्याकडचा वाचक हळहळतो आणि चहा मागवतो. जपानी वाचक कागद-शाई घेऊन बसतो आणि त्या दोघांची गाठ स्वतः घालून देतो. स्वतःच लिहितो, स्वतःच काढतो, पदरमोड करून छापतो आणि मेळ्यात टेबल मांडून बसतो. अशा पुस्तकाला दोजिन्शी म्हणतात. टोकियोत वर्षातून दोनदा त्यांचा मेळा भरतो. लाखांनी माणसं येतात, गुमान रांगेत उभी राहतात आणि चाळीस पानांचं पुस्तक प्रसाद घ्यावा तसं दोन्ही हातांनी घेतात. मूळ लेखक बहुतेक वेळा काणाडोळा करतात, कारण त्यातले कित्येक जण एके काळी तसल्याच टेबलामागं बसलेले असतात. वाचक इतका हट्टी असेल तर त्या देशाला लांबून का होईना, नमस्कार करावा.

वृषालीनं नमस्कार केला आणि कामाला लागली. दीड वर्ष खपून तिनं रेन्गोला माळेगावला आणलं. तो तलवारीनं ऊस तोडतो, कारखान्याच्या वाटेवर त्याला कोयुमे भेटते, आधी दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि शेवटच्या चित्रात उसाच्या बैलगाडीवर शेजारी शेजारी बसून जातात. जपानी रीतीप्रमाणं पुस्तक उजवीकडून उघडायचं ठेवलं होतं. प्रकाशक म्हणून ‘पाचट मंडळ’ असं नाव होतं. मंडळात वृषाली एकटीच होती.

“आबा, असल्या चित्रांना जगात वाचक आहेत,” ती एकदा म्हणाली होती.

“असतील की,” आबा म्हणाले. “जग लई मोठं हाय.”

घरात तिची चित्रं कुणी नीट पाहिली नव्हती. आबा त्यांना ‘बाहुल्या’ म्हणत. म्हणून तिची सगळी भिस्त येत्या रविवारवर होती. इंदापूरच्या अविराजनं असाच एक मेळा भरवायचं ठरवलं होतं. हा पोरगा वडिलांच्या दुकानात ठिबकचे पाइप विकायचा आणि स्वप्नं टोकियोची बघायचा. हॉल परवडेना, म्हणून त्यानं एक मंगल कार्यालय ठरवलं. ते स्वस्तात मिळालं, कारण त्या रविवारी अमावास्या होती. वृषालीला टेबल मिळालं होतं. आपलं पुस्तक समजणाऱ्या माणसाच्या हातात आपलं पुस्तक एकदा तरी बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

आता त्याच घरात युवराजचं, म्हणजे वृषालीच्या भावाचं लग्न निघालं होतं. ते त्याच्या पुढच्या रविवारी, माळेगावातच. पत्रिका बारामतीच्या त्याच छापखान्यात टाकल्या होत्या. युवराजनं घरी सांगून ठेवलं होतं, “आबा, साधी पत्रिका नाही बरं का. नवरा-नवरीचं कार्टून आहे, पुस्तकासारखी उघडते.”

आबांना याचं नवल वाटलं नाही. गेल्या दोन वर्षांत त्यांना वर्तमानपत्राच्या आकाराची पत्रिका आली होती, काजू-बदामांच्या डब्यात आली होती आणि एक तर आधार कार्डासारखी आली होती. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी गोठ्यात गठ्ठा दिसला तेव्हा त्यांनी सुतळी सोडली आणि वरची प्रत लांब धरून पाहिली. नवरदेवाच्या कमरेला तलवार होती. असतेच. नवरीच्या डोक्यावर दोन टोकदार काहीतरी उभं होतं. मुंडावळ्यांची नवी फॅशन असणार.

“ब्येस झालीया,” आबा म्हशीला म्हणाले.

उघडून वाचायचा प्रश्न नव्हता. घरच्या पत्रिकेत वाचायचं काय? तारीख तोंडपाठ होती. पहिली प्रत त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली, हळदी-कुंकू वाहिलं. बुधवारी सकाळी उरलेल्या मोटारसायकलच्या डिकीत भरल्या, अक्षतांची पुडी खिशात टाकली आणि भावकी धरली. कन्हेरी झाली, लोणी भापकर झालं. आबांच्या हातून पत्रिका सुटायची ती एकाच वाक्यानिशी.

“यायचं. सगळं आत लिवलंय.”

आत खरोखरच सगळं लिहिलेलं होतं. भावकीनं पुस्तक चारचौघांसारखं डावीकडून उघडलं. त्यामुळे वृषालीचं शेवटचं पान त्यांना पहिलं आलं. त्या पानावर मेळ्याची जाहिरात होती:

‘रविवार, सकाळी दहा वाजता. सप्तपदी मंगल कार्यालय, इंदापूर. आपली माणसं भेटताहेत, तुम्हीही या. आपला, अविराज आणि मंडळी.’

पत्रिकेत याहून जास्त काय असतं?

भावकीनं घरोघरी दिनदर्शिका काढली. रविवारी अवस. आबासाहेबांसारखा माणूस नातवाचं लगीन अवसेला, तेही घाईघाईनं, परगावी काढतो, म्हणजे काहीतरी कारण असणार. विचारलं तर आबांना वाईट वाटेल. म्हणून कुणीच विचारलं नाही. इतका समजूतदारपणा त्या भावकीनं कित्येक वर्षांत दाखवला नव्हता, आणि दाखवायला नेमका हाच आठवडा निवडला.

गुरुवारी छापखान्याकडून कळलं की पुस्तकं मंगळवारीच टेम्पोत गेलीत. वृषाली क्लास अर्धा टाकून घरी आली. गोठ्यात पोतं होतं, पोत्यावर सुतळी होती.

“आबा, इथं एक गठ्ठा होता.”

“व्हय. वाटला.”

“काय वाटला?”

“पत्रिका. एक बी उरली न्हाय,” आबा समाधानानं म्हणाले. “कन्हेरीला हिंदुरावाकडं तर दोनदा च्या झाला.”

वृषालीनं त्यांना काय झालं ते सांगितलं. आबांनी ते नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे त्या तुझ्या बाहुल्या हुत्या?”

“हो.”

“मंग युवराजच्या पत्रिका कुठायत?”

“शनिवारी येणारेत. आबा, रविवारी मला टेबलावर ठेवायला एक प्रत नाही. आपण त्या परत आणू.”

आबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली. “अक्षता लावून दिलेली पत्रिका माघारी मागायची? लगीन मोडलं म्हनत्याल. खऱ्या आल्या की त्या बी वाटू. दोनदा बोलावलं म्हनून कुनी रुसत न्हाय. देऊन काढून घेतलं की मातर संपलं.”

कायदा पक्का होता. तरी शनिवारी क्लासला सुट्टी होती म्हणून वृषाली लोणी भापकरला गेली, आबांच्या धाकट्या बहिणीकडं. तिचं नाव कुशाबाई, पण अख्खं घर तिला कुशाआत्या म्हणायचं. निदान ती तरी प्रत देईल असं वाटलं.

कुशाआत्या ओट्यावर बसून तेच पुस्तक वाचत होती. शेजारच्या दोघी कानात प्राण आणून ऐकत होत्या.

“ये गं. तू काढलंस म्हनं ह्ये. खरं लिवलंयस बाई.”

वृषालीला क्षणभर भरून आलं. “काय खरं, आत्या?”

“हे बघ की. आधी दोघं गाडीवर बसून गुलुगुलु बोलत्यात. मंग जरा लांब लांब बसत्यात. मंग ह्यो तिला इचारतो, तू कोन. आन् शेवटाला ह्यो आपला एकटाच ऊस तोडतोय, ती कुठं हाय त्याचा पत्त्या न्हाय.” आत्यानं उसासा टाकला. “आमचं बी असंच झालं.”

शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या.

“आत्या, तुम्ही उलटं वाचलंत. हे या बाजूनं उघडतं. आधी ओळख नसते, मग होते.”

“अगं, असं कुठं असतंय व्हय?” कुशाआत्यानं मायेनं तिला समजावलं. “बरं, अवसेचं मनाला लावून घेऊ नगंस. आमी कुनी काय बोलनार न्हाय. दोन पिकअप ठरवल्यात. हिंदुराव हलगी आनतोय सोताच्या खर्चानं.”

“कसली अवस?”

आत्यानं डावीकडून पहिलं पान उघडून तिच्यापुढं धरलं.

वृषालीनं ते पान वाचलं. तिनंच ते पुस्तकात घातलेलं होतं, तरी तिला ते नव्यानं वाचावं लागलं.

ती घरी पोचली तेव्हा खऱ्या पत्रिका येऊन पडल्या होत्या. आबांनी सगळं ऐकलं आणि फोन घेतला. पहिला फोन कन्हेरीच्या हिंदुरावांना. हा चुलत घराण्यातला माणूस मानपानाला फार कडक. एका बारशात त्यांच्या आधी दुसऱ्याला टोपी मिळाली, तेव्हापासून ते त्या घरचं पाणी पीत नव्हते.

“हिंदुराव, उद्या येऊ नगा,” आबा म्हणाले.

पलीकडं हलगीची तालीम चालली होती, ती थांबली.

“बरं,” हिंदुराव म्हणाले आणि फोन ठेवला.

आबा दुसरा नंबर लावणार तोच तिकडून फोन यायला लागले. शेवटी कुशाआत्याचा आला.

“आबासाहेब, हिंदुरावाला वगळलंस म्हनं?”

“वगळला न्हाय गं. उद्या लगीनच न्हाय.”

“लगीन मोडलं?”

“मोडलं न्हाय, फुडल्या रविवारी हाय.”

“अवस चुकवायला आता फुडं ढकललं व्हय? मंग आधी काय डोळं मिटून तारीख काढली? हिंदुराव तिकडं रडतोय. त्यो येनार न्हाय तर आमी बी न्हाय येत, उद्याला बी न्हाय आन् फुडल्या रविवारी बी न्हाय.”

आबांनी फोन मांडीवर ठेवला. सत्तर वर्षांच्या माणसानं उभ्या भावकीला आमंत्रण द्यावं आणि एका फोनसरशी ते धुळीला मिळावं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी परत फोन उचलला.

“कुशे, सगळ्यांना सांग. उद्या या. हिंदुरावाला म्हनावं, हलगी आन.”

“आबा?” वृषाली म्हणाली.

“आलेल्या मानसाला उपाशी धाडायचं न्हाय, एवढंच आपल्या हातात हाय,” आबा म्हणाले. “आचाऱ्याला निरोप धाड. बुंदी, वांग्याची भाजी, भात, आमटी. आन् तुझ्या त्या अविराजला इचार, चूल कुठं मांडायची.”

रविवारी सकाळी इंदापूरच्या कार्यालयात अविराज दारात उभा होता. आत टेबलं मांडली होती. बारामती, इंदापूर, पुणे, सोलापूर अशी कुठून कुठून पोरं-पोरी आली होती, पण मोजकीच. काहींनी चित्रकथेतले पोशाख केले होते. कुणाचे केस रुपेरी, कुणाच्या पाठीला पंख. प्रत्येकाच्या टेबलावर आपापली पुस्तकं होती. वृषालीच्या टेबलावर नीट इस्त्री केलेलं कापड होतं आणि ‘पाचट मंडळ’ अशी पाटी होती. पाटीपुढं काहीच नव्हतं. ती पाटी सारखी सरळ करत होती.

“लोक येतील ना, ताई?” अविराजनं विचारलं.

“येतील,” वृषाली म्हणाली. यात तिला शंका नव्हती.

दहाला हलगी ऐकू आली. दोन पिकअप, एक ट्रॅक्टरची ट्रॉली आणि मागं मोटारसायकली. फेटे, नऊवारी, बगलेत आहेराची भांडी, आणि प्रत्येक घरटी एकाच्या हातात रेन्गो-कोयुमेचं पुस्तक. हिंदुराव सगळ्यात पुढं. त्यांनी अविराजला नाव विचारलं आणि कडकडून मिठी मारली.

“व्याही लई तरनं हायत,” मागं कुणीतरी म्हणालं.

मंडळी आत शिरली आणि थबकली. पंखवाली पोरगी त्यांना बघून हसली.

“पोरीकडची जरा नटवी दिसत्यात,” कुशाआत्या हळूच म्हणाली. “पर हसरी हायत.”

हिंदुरावांनी मानपान तिथंच सुरू केला. रुपेरी केसांच्या, कोल्ह्याचे कान लावलेल्या एका पोराला त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि फेट्याचं कापड झटकलं. तो पुण्याहून आलेला होता. त्याला वाटलं हा मेळ्याचाच कार्यक्रम आहे.

“पाव्हनं,” हिंदुराव गंभीरपणे म्हणाले, “कानाच्या वरनं बांधू का खालनं?”

तेवढ्यात आबा पुढं झाले. त्यांनी हलगी थांबवली आणि हात जोडले. गठ्ठा, गोठा, टेम्पो, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. “लगीन फुडल्या रविवारी, माळेगावात. ह्या खऱ्या पत्रिका. चूक माझी. जेवन मातर खरं हाय, जेवून जावा.”

मागच्या अंगणात आमटी उकळत होती. सगळे हिंदुरावांकडं बघू लागले. आबाही बघत होते. हिंदुरावांनी फेट्याचं अर्धवट टोक त्या पोराच्या हातात दिलं, खिशातून पुस्तक काढलं आणि ते वृषालीच्या टेबलाशी गेले.

“म्हंजे ही पत्रिका न्हाय. पुस्तक हाय.”

“हो, काका.”

“तू लिवलंस.”

“हो.”

“तरीच. मी दोनदा वाचली. म्हनलं, पत्रिकेत एवढी इस्टोरी कशापायी.” त्यांनी आवाज खाली आणला. “मंग त्यो तलवारवाला शेवटाला तिला वळखत का न्हाय?”

वृषालीनं त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटं केलं आणि उजवीकडून उघडून परत हातात दिलं.

हिंदुराव खुर्चीवर बसले. एक पान झालं, दुसरं झालं. मग शेजारच्यानं आपलं पुस्तक काढलं. मग बायकांनी काढली. लग्नाच्या खुर्च्यांवर, फेट्यांत नि नऊवारीत, आख्खी भावकी उजवीकडून डावीकडं वाचायला बसली. कुठं कुणी हसलं, कुठं कुणी ‘अगं बया’ म्हणालं. बैलगाडीच्या चित्रापाशी कुशाआत्या पोचली आणि तिनं पदर डोळ्याला लावला.

“व्हय की,” ती म्हणाली. “असंबी असतंय.”

टेबलांमागची पोरं उठून उभी राहिली होती. “ताई,” अविराज हळू आवाजात म्हणाला, “टोकियोत असं होत असेल का हो?”

वृषालीनं पाटी पुन्हा एकदा सरळ केली. तिला आपलं पुस्तक हातात धरलेला फक्त एक माणूस बघायचा होता.

मग मेळा खऱ्या अर्थानं सुरू झाला. हिंदुरावांचं म्हणणं, रेन्गोला पुढं मुकादम करावा, एवढा हात चालतो तर. दुसऱ्याचं म्हणणं, तलवार मोडीत काढून कोयता घ्यावा. कुशाआत्यानं उलट्या वाचलेल्या गोष्टीचा आपला शेवट लोणीतल्या बायकांना आधीच सांगून ठेवला होता. त्यात कोयुमे माहेरी निघून जाते आणि रेन्गो भाकरी करायला शिकल्याशिवाय परत येत नाही.

“आजी, हेच,” अविराज भारावून म्हणाला. “हीच दोजिन्शी.”

“शिव्या देऊ नगंस,” आत्या म्हणाली.

रुपेरी केसांच्या पोरानं आत्याचा शेवट जागच्या जागी कागदावर काढायला घेतला. आत्या शेजारी बसून भाकरीचा आकार दुरुस्त करत होती. पुण्याच्या पोरांना वृषालीचं पुस्तक विकत हवं होतं, पण टेबल रिकामंच होतं, आणि भावकीतलं कुणी प्रत द्यायला तयार नव्हतं. “आमंत्रनाची हाय, अक्षता लावलेली,” हिंदुराव म्हणाले. “इकत न्हाय. शेजारी बसून वाच.” ती पोरं शेजारी बसली. आबांनी त्यांनाही युवराजची पत्रिका दिली, अक्षता लावून. पोरांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि एकानं विचारलं, “ही कुठल्या बाजूनं उघडायची?”

बुंदी संपली. हलगी परत वाजली. मंडळी पुढच्या रविवारी नक्की येतो म्हणून गेली, आणि हिंदुराव त्या पोराचा फेटा कानाच्या वरून बांधूनच गेले.

दिवेलागणीला आबा घरी आले, हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढं उभे राहिले. सगळ्या भावकीनं पुस्तक वाचलं होतं, फक्त त्यांनीच वाचलं नव्हतं. देवापुढची प्रत त्यांनी उचलली, कुंकू झटकलं, चष्मा लावला आणि ओसरीवर दिव्याखाली बसले. आधी डावीकडून उघडली, थांबले, मग उजवीकडून उघडली.

वृषाली दारात उभी राहिली. दीड वर्ष ती याच्यासाठी थांबली होती, हे तिला आत्ताच कळत होतं. आबा वाचत होते. मधेच एक पान त्यांनी मागं उलटलं, पुन्हा बघितलं. बैलगाडीपाशी बराच वेळ गेला. शेवटी पुस्तक मिटून त्यांनी गुडघ्यावर ठेवलं, वरून हात फिरवला. चष्मा काढला.

“वृषाली.”

“काय, आबा?”

“फुडल्या पुस्तकात त्या गड्याच्या पायात एक पायतान घाल. तोडल्या उसाच्या बुडख्यांनी पाय फाटतील त्याचं.”